वाटेत भेटला त्याचं मानाचं नाव

कायेरा, ४ ऑगस्ट

बुसिंगे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. होइमाच्या टॅक्सीवाल्याबरोबर कंपालाला पाठवते आहे. त्याला केळ्यांची एक फणी दिली आहे, तेव्हा तो तरी हयगय करणार नाही.

जिंकलास तू. ओढ्याकाठची राई काप. उंबर, महोगनी, जे काय उभं आहे ते आडवं कर आणि लाव तुझा ऊस. बाप गेल्यावर तुला त्याच्या स्टुलावर वारस म्हणून बसवलं, त्याच संध्याकाळी तू राईचा विषय काढलास. मी म्हणाले, मी जिवंत आहे तोवर एक फांदी तुटणार नाही. मग तू बोललास, त्याहून वाईट मी बोलले. ते आता उगाळत बसत नाही. पण जाताना तू दारातून नुसतं "बरं, निघतो" म्हणालास. माझं मानाचं नाव घेतलं नाहीस. आईला "अद्येरी" न म्हणता घराबाहेर पडणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. म्हणून मीसुद्धा वर कोरडं बुसिंगे लिहिलंय, तुझं मानाचं नाव घातलेलं नाही. फिटंफाट.

आता तुला वाटेल, म्हातारी एवढी नरम कशी पडली? फणसामुळे. चुलीमागच्या झाडाला यंदा एकच फळ धडपणे धरलं होतं. त्याला गोणपाट गुंडाळलं, वर दोरी आवळली, रोज उठून हात लावून बघत होते. आज सकाळी चूल फुंकते आहे तोवर गोणपाट खाली येऊन पडलं. वर बघते तर चिंपांझींची अख्खी पंगत बसलेली! गरे त्यांच्या तोंडात आणि आठळ्या माझ्या अंगणात. मी पातेलं बडवलं, शिव्या दिल्या, तुझ्या बापाची काठी फेकली. त्यांच्यातल्या मोठ्या नराने माझ्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि सावकाश पाठ खाजवली. मेल्याला एवढीसुद्धा भीती नाही.

शेजारची अकीकी कुंपणावरून सगळं बघत होती. म्हणते कशी, "अगं अद्येरी, आमच्याकडे झाडच उरलं नाही, तर येतील कुठून? तूच त्यांच्यापुढे वाडगं धरून बसली आहेस." ती हसली तेच मला लागलं. ओढ्याला आता आपल्या एकट्यांचीच राई राहिली आहे, आणि सगळ्या रानाचा त्रास मी एकटीने का काढायचा?

तेव्हा माझा होकार आहे. तो करवतवाला कातुरामु तुझ्याकडे घिरट्या घालत होता ना, त्याला सांग. घेवडा काढून झाला की येऊ दे.

आई

कायेरा, २१ ऑगस्ट

बुसिंगे,

साखर पोचली, साबण पोचला. टॅक्सीवाला म्हणाला, तू त्याला चहा पाजलास आणि "आईला माझा नमस्कार सांग" असंही म्हणालास. म्हणजे राई दिल्यावर नमस्कार. ठीक आहे. साबण चांगला आहे.

एक गंमत घडली ती कळवते. गंमत म्हणूनच वाच.

परवा झऱ्यावरून येत होते, डोक्यावर पाण्याचा डबा. मोठ्या उंबराशी वाट वळते ना, तिथे नेहमीप्रमाणे मान खाली घालून वळले आणि समोर तो. फणस खाणारा. वाटेच्या मधोमध, हातांच्या मुठी जमिनीवर टेकून उभा. आपलं अंगण जेवढं रुंद आहे तेवढंच अंतर मधे. बाई गं! पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ते पायांना कळलं. तोंडाला कोण सांगणार? साठ वर्षं या वाटेवर जो भेटला, ओळखीचा असो की परका, त्याला या तोंडाने एकच विचारलं आहे. तेच बाहेर पडलं.

"एम्पाको यावे?"

मानाचं नाव काय आपलं! चिंपांझीला! आणि हसू नकोस, पण विचारून झाल्यावर मी उत्तराची वाट बघत उभी राहिले. डबा डोक्यावर, एक हात डब्याला, गुडघे जरा वाकवलेले, अगदी रीतसर.

तो बघत राहिला. बुसिंगे, मी त्यांना जन्मभर पाहत आले आहे. पण पाठीकडून, पळताना, फांदीवर, आम्ही दगड मारताना. कुणी समोर थांबून माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. तपकिरी डोळे, बाजूला सुरकुत्या, कपाळ पुढे आलेलं. एक कान फाटका. त्या डोळ्यांत मी होते. मला तो बघत होता आणि मी कोण याचा विचार करत होता, हे मला तुझ्या-माझ्याइतकं स्पष्ट दिसलं. माझ्या अंगावर काटा आला. तो भीतीचा नव्हता.

मग तो बसला. वाटेच्या कडेला, पाय पसरून, पाहुण्याला जागा करून द्यावी तसा. आपल्यात एखादं लाजरं पोर नाव सांगत नसेल तर आपण काय करतो? आपल्याकडून एक नाव देतो आणि पुढे होतो. मी म्हटलं, "बरं, अमूटी." आणि पुढे झाले. त्याच्या बाजूने. त्याच्या अंगाचा वास आला, ओल्या पालापाचोळ्याचा आणि पिकल्या उंबरांचा. वळणापलीकडे आल्यावर मात्र मटकन खाली बसले, डबा पडला, सगळं पाणी अंगावर. तशीच बसून राहिले आणि हसत राहिले, वेड्यासारखी.

चूक केली ती पुढेच. अकीकीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पाण्याच्या पंपावरच्या बायका, "काय अद्येरी, सोयरे काय म्हणतात? फणस गोड होता का म्हणाले?" पोटभर हसले सगळे. हसू देत.

आणि हो, कातुरामुला जरा थांबायला सांग. यंदा घेवडा उशिरा आहे.

आई

कायेरा, ३० ऑगस्ट

बुसिंगे,

टॅक्सीवाल्याला आडून बोलायची सवय नाही. त्याने तुझा निरोप सगळ्या प्रवाशांसमोर जसाच्या तसा सांगितला. "बापाचं मानाचं नाव जनावराला दिलं. असल्या आईचं तोंड बघायचं नाही. करवत ठरलेल्या दिवशी येणार म्हणजे येणार." एक म्हातारी मागच्या बाकावरून म्हणाली, "देवा रे." मी टोपली घेऊन घरी आले.

अरे, मानाची नावं आपल्यात सगळी मिळून डझनभर. अर्ध्या जिल्ह्यातले पुरुष अमूटी. चौकीवरचा पोलीस अमूटी, ज्याने तुझी सायकल जप्त केली होती. त्याचा नाही आला राग?

हे झालं भांडणाचं. आता खरं सांगते. घेवडा केव्हाच काढून झाला, वाळवून पोत्यात भरला. मी खोटं लिहिलं. त्या दिवसापासून मी रोज राईत जाते. लाकडं आणायला जाते असं अकीकीला सांगते, आणि लाकडं न घेता परत येते. आता तिलाही कळलं असणार.

पहिले काही दिवस ते मला बघून वर चढून जायचे. मी ओढ्याकाठच्या खडकावर बसायची, एवढासाही आवाज करायची नाही. मग त्यांनीच मला सोडून दिलं, घरातल्या जुन्या खुर्चीकडे कोण बघतो? आणि मी बघायला लागले. बुसिंगे, मला कसं सांगू? आपल्या दारामागे हे सगळं चालू होतं आणि मी पातेलं बडवत होते!

एक आई आहे, तरणी. पोर पोटाला चिकटलेलं, चेहरा अजून फिकट, मागे पांढऱ्या केसांचा झुपका. खोडाच्या ढोलीत पावसाचं पाणी साचलं होतं, पण भोक अरुंद, तोंड जाईना. तिने पानं तोडली, तोंडात घालून चावली, चोथा केला, दोन बोटांत धरून ढोलीत बुडवला आणि तोंडात पिळला. पाणी! पोराने हात पुढे केला. तिने पुन्हा बुडवून त्याच्या तोंडात पिळला. मी तापाने फणफणले होते तेव्हा तू अंगरख्याचं टोक भिजवून माझ्या ओठांवर पिळलं होतंस. सात वर्षांचा होतास. तुला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या झाडावर चढतो आणि फांद्या मोडून, एकीखाली एक दाबून, अंथरूण घालतो. रोज नवं. वर पानांची उशी. तो मोठा नर अंथरुणावर आडवा होतो, मग पुन्हा उठतो, एक फांदी बोचत असते ती काढून टाकतो, मग पडतो. मला इतकं हसू येतं! राई गेली तर ही माणसं, मी माणसंच लिहिते, तुला राग येऊ दे, ही माणसं निजणार कुठे? उसावर?

पण मी सांगायला बसले ते वेगळंच. ते दिवसभर एकत्र नसतात. सकाळी दोघे इकडे, चौघे तिकडे, फळं शोधायला पांगतात. दुपारी उंबराखाली पुन्हा भेटतात. आणि भेटले की आधी काय करतात माहीत आहे? लहान असेल तो मोठ्यापुढे येतो, अंग जमिनीशी लववतो आणि घशातून हलके हुंकार देतो, एकामागून एक. मोठा हात पुढे करतो, डोक्याला लावतो. बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात. एक म्हातारी आहे, तिचा डावा पंजा फासात अडकून गेला आहे, कुणाच्या उसाच्या कडेला लावलेल्या फासात देव जाणे. ती सगळ्यांत शेवटी खुरडत येते. आणि अमूटी स्वतः उठून तिच्याकडे जातो. तिचं तोंड आपल्या तोंडाजवळ घेतो. मग ती बसते. मग सगळे खातात. त्याआधी कुणी खात नाही.

सकाळी निरोप घेतला, दुपारी भेटले, तरी एवढं! आपण दीड वर्षं भेटलो नाही.

म्हणजे त्या दिवशी मी वेडेपणा केला नाही रे. त्यांच्यातही मान दिल्याशिवाय कुणी कुणाच्या पुढे जात नाही. मी त्याला विचारलं, त्याने मला वाट दिली. आता ज्याला एकदा मान देऊन नाव विचारलं, त्याच्या घराला करवत कशी लावायची? हे तू मला सांग. तू वारस आहेस, रीत तुला माहीत हवी.

आणि बापाच्या नावाचं. पोलिसाचं मी वर लिहिलं ते तोंड चालवायला. त्या क्षणी मला दुसरं नावच आठवलं नाही. चाळीस वर्षं ज्या नावाने रोज हाक मारली, तेच आलं. घरात आता त्या नावाला ओ द्यायला कुणी नाही. तोंडाला सवय राहिली आहे, बुसिंगे, तिचं मी काय करू? तुझा बाप त्याच्यात आलाय असं मी म्हणत नाही. तुझा बाप एवढा देखणा नव्हता, आणि वाट तर त्याने मला कधीच दिली नाही.

आई

कायेरा, ९ सप्टेंबर

बुसिंगे,

कातुरामु आज खुणा करून गेला. झाडांना चुना फासला. मोठ्या उंबरालाही. कामाला चोख आहे, वाईट माणूस नाही. म्हणाला, "अद्येरी, मला तुझ्या मुलाने तुझा होकार दाखवला, तुझ्याच अक्षरात. मी काय करू?" मी त्याचं मानाचं नाव घेऊन म्हटलं, "तू काही करू नकोस, अपूली. बस, नाचणीचा उंडा खा." त्याने खाल्ला. मान वर करत नव्हता.

होकार मी दिला होता. तो मी फिरवणार नाही. झाडाला मिठी मारून बसणार नाही, गावसभेत रडणार नाही. राई तुझी आहे.

एकच मागते. करवत सुरू होईल त्या सकाळी तू स्वतः ये. मोठ्या उंबराच्या वळणावर उभा राहा. ऊन वर यायच्या आत ते वाट ओलांडून झऱ्याकडे जातात. एकदा बघ. मग तुला जे म्हणायचं ते कातुरामुला म्हण. घरी नाही आलास तरी चालेल.

आई

कायेरा, १७ सप्टेंबर

वर नाव घातलेलं नाही. मुद्दाम. शेवटी कळेल.

तू दुपारच्याच गाडीने परत गेलास, मधे धड बोलणं झालं नाही. तुला वाटत असेल मी मागून आले. नाही. मी उजाडायच्या आधीपासून तिथे होते, वळणावरच्या कॉफीच्या झाडांमागे, काटेरी झुडपात. तू येशील याची मला खात्री नव्हती. तू आलास, बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय उचलून टाकत, आणि मला हसू आलं आणि रडूही आलं. वाळलास रे. कंपालाला जेवतोस की नाही?

तुझ्यामागे कातुरामु आणि त्याची दोन माणसं, एकाच्या खांद्यावर करवत. तुम्ही सगळे बोलत होता. आणि मग राईतून ती आरोळी आली. आधी हलकी, हू-हू-हू, मग चढत चढत जाऊन फुटलेली, आणि मागोमाग उंबराच्या मुळांवर धबाधब पाय आपटल्याचा आवाज. माझ्या छातीत तो आवाज वाजला. कातुरामुच्या माणसाने करवत खाली ठेवली.

अमूटी बाहेर आला. वाटेच्या मधोमध येऊन थांबला. एकदा झऱ्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे. मग तुमच्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला, अंगावरचे केस फुललेले, दिसायला दुप्पट. आणि त्याच्या पाठीमागून एकेक जण वाट ओलांडायला लागला. तरणे नर घाईने. ती आई, पोर आता पाठीवर, आणि पोराने मान वळवून तुझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघितलं. मग आणखी दोघी. मग कुणीच नाही, तरी अमूटी हलेना. मला माहीत होतं तो कुणासाठी थांबलाय. तुम्हाला नव्हतं. कातुरामुच्या दुसऱ्या माणसाचा हात कोयत्याकडे गेला, आणि तू न बघता आपला हात आडवा धरलास.

आली म्हातारी. पंजा नसलेली. तीन पायांवर, अर्ध्या वाटेत थांबून, दम खाऊन, पुन्हा. अमूटीने मागे वळून बघितलं नाही. तिचा आवाज ऐकत होता तो. ती पलीकडे झाडीत गेली तेव्हा त्याचे केस खाली बसले.

तरी तो गेला नाही. तुझ्याकडे बघत राहिला. मला जसं बघितलं होतं तसंच. मी तुझी पाठच बघत होते, तुझा चेहरा मला दिसत नव्हता. पण तू टोपी काढलीस. आणि तुझ्या आजोबांनी तुला या वाटेवर बोट धरून जे शिकवलं होतं, ते तुझ्या तोंडून बाहेर पडलं, हळू, लहान मुलासारखं.

"एम्पाको यावे?"

बाळा, विचारलेल्या नावाला उत्तर मिळालं नाही तर विचारणारा वाटेवर टांगलेला राहतो. त्याला तर सांगता येत नाही. म्हणून मी झुडपातून सांगितलं, "अमूटी."

तो गेला. तू वळलाही नाहीस. कातुरामु आणि त्याची माणसं तोंडं उघडी ठेवून एकदा झुडपाकडे, एकदा तुझ्याकडे बघत होती. तू डोळे पुसलेस, आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणालास, "अद्येरी, त्या काट्यांत कशाला उभी आहेस? लागेल ना."

मग तू कातुरामुच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याशी बोललास आणि त्याने ती करवत उचलून परत नेली. ते मी बघितलं, पण खरं सांगायचं तर तोवर माझे कान बंद झाले होते. अद्येरी म्हणालास. दीड वर्षांनी. आणि मला तुला उलट हाक मारता आली नाही. रीतीप्रमाणे लगेच तुझं नाव घ्यायला हवं होतं. तू माझ्या बाहीतले काटे काढत होतास आणि मी नुसती उभी. तुला वाटलं असेल म्हातारी अजून रुसली आहे.

तू गेल्यावर अकीकी आली. म्हणाली, "ऐकलं ते खरं? मुलगासुद्धा?" मी म्हटलं, "हो, मुलगासुद्धा." मग म्हणाली, उद्या लाकडं आणायला जाताना मलाही हाक मार.

चुना ओढ्याच्या पाण्याने घासून काढते आहे. मोठ्या उंबराचा निघाला. बाकीच्यांचा निघेल.

एवढंच होतं. मानाचं नाव समोरासमोर घ्यायचं असतं, कागदावर नाही, पण ते गळ्यात अडकून राहिलंय आणि मला झोप येत नाही. म्हणून घे.

अराली. अराली. अराली.

झालं. आता पुढच्या वेळी आलास की आधी मला विचार, मग त्याला.

तुझी अद्येरी